उलट्या तोंडाचे माइक

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून छोटीनं दुसऱ्या माइकचा आटा आवळला आणि त्याचं तोंड मंचाकडून फिरवून रिकाम्या खुर्च्यांकडे केलं. खाली शिडी धरून उभा असलेला सभागृहाचा रखवालदार बराच वेळ वर बघत होता. आता त्याला राहवलं नाही.

"छोटीताई, उलटं लागलंय. आप्पा इकडे उभे राहतात."

"माहीत आहे."

"मग हे तिकडे कुणाचं ऐकणार? खुर्च्यांचं?"

"खुर्च्यांवर बसणाऱ्यांचं."

रखवालदारानं खुर्च्यांकडे पाहिलं. "त्यांचं काय ऐकायचं? ते तर ऐकायला येतात."

छोटी हसत खाली उतरली. तिच्या केसांत पांढरं बरंच डोकावू लागलं होतं, ध्वनिमुद्रण करून पोट भरायला लागल्याला कैक वर्षं झाली होती, तरी या सभागृहात ती छोटीच होती. आप्पांची लेक, छोटी. शाळकरी वयात पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेली पोरगी लोकांच्या डोळ्यांसमोरून जातच नव्हती.

आप्पा गात गात प्रवचन सांगायचे. बोलता बोलता त्यांचं वाक्य कधी सुरात शिरे हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. एखादी ओळ तीनदा घोळवून म्हणत, मग पुन्हा साध्या बोलण्यावर येत, जसं कुणी पाण्यात उतरून सहज काठावर यावं. साथीला वाद्य नाही. समोरच्या लाकडी मेजावर बोटांनी धरलेला ठेका, तेवढाच. बोलायचे देवाविषयीच, पण देवाला लांब उंचावर बसवून नव्हे. शेजारच्या घरातून काहीबाही मागायला आलेल्या माणसासारखा देव त्यांच्या गोष्टीत यायचा आणि बहुतेक वेळा बोलणी खाऊन जायचा. लोक हसत, आणि हसता हसता कुणीतरी डोळे पुसायला लागे.

या वर्षी आप्पांनी जाहीर करून टाकलं होतं, आता तीन रविवार सांगणार आणि थांबणार. "गुडघे म्हणतात बस, मी म्हणतो बरं," एवढंच कारण. पण त्या तीन प्रवचनांचं मुद्रण मात्र त्यांना नीट हवं होतं. अंथरुणाला खिळलेल्या, बाहेर पडता न येणाऱ्या जुन्या श्रोत्यांकडे ते जायचं होतं. मागे छोटीनं एकदा आप्पांच्या कॉलरला माइक लावून स्वच्छ, नितळ आवाज घेतला होता. तो ऐकून एका आजारी मास्तरीणबाईंनी निरोप पाठवला, 'आप्पा, आवाज छान आला. पण माणसं कुठे गेली? भिंतीला सांगताय की काय?'

आप्पांना ते लागलं होतं.

"माझा आवाज राहू दे गं," ते छोटीला म्हणाले होते. "तो तुझ्याकडे खोकाभर पडलाय. मला माणसं हवीत. त्यांच्याशिवाय मी म्हणजे आरशासमोर बडबडणारा वेडा."

तेव्हापासून छोटीचं घोडं माणसांपाशी अडलं होतं. पहिल्या रविवारी तिनं सभागृहाच्या मध्यावर छताला एक माइक टांगला, चारी दिशांचं ऐकणारा. त्यानं खरोखरच चारी दिशांचं ऐकलं. पंखे, खोकले, खुर्च्यांची कुरकुर, आणि कर्ण्यांतून फिरून आलेले आप्पा, विहिरीत उतरून बोलल्यासारखे. माणसं त्यात कुठेतरी होती, पण भाजीत हरवलेल्या मिठासारखी. शिवाय तिनं एक लांब नळीचा माइक तिसऱ्या रांगेवर रोखला होता. तो फारच नेमका निघाला. सगळं सभागृह हसलं तेव्हा त्यानं एका बाईंच्या चष्म्याच्या डबीचा खटका टिपला, आणि एका गृहस्थांचं नाक.

म्हणून आता हे. मंचाच्या दोन कोपऱ्यांवर दोन आणि बाजूच्या भिंतींवर दोन, समोरचं ऐकणारे आणि पाठीमागच्याला पाठ दाखवणारे माइक. कर्णे त्यांच्या पाठीशी, माणसं तोंडापुढे. आप्पांचा आवाज त्यांत जवळजवळ यायलाच नको होता.

"म्हणजे आप्पांकडे पाठ करून लोकांकडे बघत बसायचं," रखवालदार शिडी मिटत म्हणाला. "माझंच काम की. मला पण लावा एक."

दुसऱ्या रविवारी सभागृह भरलं. छोटी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकवलेल्या मेजापाशी बसली. आप्पांच्या कॉलरचा आवाज सभागृहाच्या जुन्या यंत्रावर चालला होता, माणसांचे चार माइक तिच्या स्वतःच्या यंत्रावर. सुरुवातीला तिनं मंचासमोर जाऊन एक खणखणीत टाळी वाजवली होती, म्हणजे दोन्ही मुद्रणं पुढे एकमेकांशी जुळवता येतील. मग हेडफोन चढवले आणि तोंड मिटलं.

हे तोंड मिटणं तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की आता तिला ते जाणवतही नसे. मुद्रण चालू असताना हसायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, बांगडी वाजू द्यायची नाही. किती वर्षांत ती आप्पांच्या गोष्टीला हसली नव्हती. यंत्रावरच्या हिरव्या पट्ट्या उंचावल्या की लोक हसले, खाली बसल्या की लोक गप्प झाले. आई एकदा भांडणात म्हणाली होती, "तू ऐकतेस कुठे? तू मोजतेस." छोटीनं ते मनावर घेतलं नव्हतं. मोजणंच तर तिचं काम होतं.

आप्पांनी म्हातारीची गोष्ट काढली. लोकांची आवडती, त्यांनी शेकडो वेळा ऐकलेली. एक म्हातारी जन्मभर देवाला हाका मारते, देव येत नाही. शेवटी प्रत्यक्ष भेटतो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून त्याला झापते. दार माझं उघडंच होतं, तूच मेल्या वाट चुकलास. देव खाली मान घालून म्हणतो, वाट नाही चुकलो गं बये. तुझ्याच पायरीवर बसलो होतो. रोज सकाळी तू मला ओलांडून पाण्याला जायचीस.

लोक खदखदून हसले. पट्ट्या झकास उसळल्या. मागून छोटीला दिसत होती ती नुसती डोकी. पहिल्या रांगेत आईचा अंबाडा, त्याच्या शेजारी घड्याळवाल्या काकांचं टक्कल, पलीकडे टपालातून निवृत्त झालेल्या काकूंची सैल वेणी. सगळी पुढे झुकलेली.

या खेपेला माइक बरोबर निवडले, असं तिच्या मनात आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ भांड्यात राहिला नाही.

घरी आल्यावर तिनं दोन्ही मुद्रणं टाळीला टाळी लावून जुळवली आणि ऐकायला बसली. माणसं आली होती! हसणं, हुंकार, कुणाचं तरी 'अरे देवा', सगळं अंगाला बिलगून. पण काहीतरी वाकडं होतं. तिनं मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग उठून पाणी प्यायली.

माणसं आधी हसत होती.

आप्पा 'तुझ्याच' म्हणाले की हसण्याला सुरुवात होत होती. 'पायरीवर' नंतर येत होतं. एकदा नव्हे, जागोजाग. गाण्याची ओळ आप्पांच्या आधी खालून उमटत होती. वाक्य पुरं व्हायच्या आत लोक 'हो हो' करत होते. जणू आप्पा लोकांना सांगत नव्हते, लोकांच्या मागून चालले होते.

हे कसं शक्य होतं? आवाजाला हवेतून यायला वेळ लागतो. लांबच्या माणसाचा आवाज माइकपाशी उशिरा पोचतो, लवकर कधीच नाही. उशीर झाला असता तर तिनं डोळे मिटून दुरुस्त केला असता. पण हे लवकर? तिनं टाळी पुन्हा तपासली. केबली बदलून यंत्रं चालवून पाहिली. सभागृहाचं जुनं यंत्र रेंगाळत असेल म्हणून त्यावर घड्याळाची टिकटिक मुद्रित केली. ते बापडं बरोबर चाललं होतं. माणसांच्या मुद्रणात आप्पांचा आवाज शोधून त्यावरून जुळवावं, तर तिनं माइक असे नेमके निवडले होते की आप्पा त्यांत नावालासुद्धा सापडेनात. डोकं भंजाळून गेलं. दोन दिवस जेवताना ताटात बघून ती मध्येच थांबायची आणि आई तिच्याकडे बघत वाढायची.

शेवटी ती माइक भाड्यानं देणाऱ्या आपल्या शाळासोबत्याकडे गेली. त्याच्या दुकानात कुठला ना कुठला कर्णा नेहमी खरखरत असे, त्यावरून सगळे त्याला खरखर म्हणत, आणि तोही दुकानाच्या पाटीवर तेच नाव लावून मोकळा झाला होता.

त्यानं ऐकलं. भुवया वर गेल्या, खाली आल्या.

"माइक चांगले निवडलेस," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. लोक आधी का हसतायत ते सांग."

"माइक काय ज्योतिषी आहे का, पुढचं ऐकायला? टाळी चुकली असेल तुझी."

"तपासली."

"मग यंत्र चुकलं."

"तेही तपासलं."

"मग तू चुकलीस. ए बाई, कशाला एवढी डोकेफोड? सरकव की लोकांना मागे. श्वासभर सरकव. आधी विनोद, मग हसू, अशी जगाची रीत आहे. ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

तिनं लोकांना सरकवलं. आश्चर्य म्हणजे सगळं जागच्या जागी बसलं. आप्पा 'पायरीवर' म्हणत आणि हसू उसळे. आप्पा ओळ म्हणत आणि लोक ती झेलत. मध्ये मध्ये आप्पा थोडे थांबत होते, तेवढ्या जागा आता मोकळ्या ऐकू येत होत्या. पण वक्त्यानं थांबणं ही तर कलाच, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते सांगताना आपण मान जरा जास्तच हलवतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं लक्ष दिलं नाही.

बुधवारी सकाळी तिनं आप्पांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून हेडफोन लावले. आप्पा खूश होते. सुरुवातीला खुर्चीच्या हातावर बोटांचा ठेका धरला. माणसांचा पहिला हशा आला तेव्हा डोळे मिटून मान डोलावली, "आली बघ, आली मंडळी." मग म्हातारीच्या गोष्टीपाशी बोटं थांबली.

"हे मागे घे जरा."

तिनं मागे घेतलं.

"इथे मी काय करतोय?"

"थांबलाय, आप्पा."

"का?"

"परिणामासाठी."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं दुसऱ्याच कुणाच्या बापाचं नाव घेतलं. "परिणामासाठी मी जन्मात थांबलो नाही. मला श्वास घ्यायला फुरसत नसते." मग थोड्या वेळानं, "पुन्हा लाव."

ते ऐकत राहिले. थांबणं आलं. पुढे आणखी एक. नंतर एक बरंच लांब, ज्यात नुसती आप्पांच्या कॉलरची सळसळ होती आणि घोट गिळल्याचा आवाज. आणि मग आप्पांचा शब्द, आणि त्यामागून लोकांच्या तोंडून तोच शब्द.

"आणि हे माझ्यामागून का म्हणतायत? शाळेतल्या पोरांसारखे?"

आप्पांनी हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, मांडीवर ठेवली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी काच पुसत होतं. ते पुसून होईपर्यंत आप्पा बघत बसले.

"सभागृहात कळव," ते म्हणाले. "तिसऱ्या रविवारी नको."

"आप्पा, पण लोक..."

"माणूस बोलता बोलता रिकामा होतो आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो. बरं झालं ऐकवलंस. ह्यासाठीच असतं यंत्र."

दुपारभर घरात ठेका वाजला नाही. आप्पा खुर्चीच्या हातावर, ताटाच्या कडेवर, आईच्या खांद्यावर, सतत कुठे ना कुठे बोटं वाजवणारा माणूस. आईनं स्वयंपाकघरातून तीनदा डोकावून पाहिलं. चौथ्यांदा ती छोटीच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"काय ऐकवलंस त्यांना?"

छोटीनं सगळं सांगितलं. लवकर हसणं, टाळी, खरखर. आई तंत्रातलं काही समजणारी नव्हती. पण 'सरकवलं' या शब्दावर तिनं हात वर केला.

"कुणाला सरकवलंस?"

"लोकांना. मागे. थोडंसं."

आई खाटेवर बसली. "अगं छोटे," ती म्हणाली. "ह्यांना बंद करता येतं त्यात?"

"म्हणजे?"

"ह्यांचा आवाज बंद कर. नुसते आम्ही लाव. आणि मोठं कर. चांगलं मोठं."

छोटीनं आप्पांना बंद केलं. मंचाच्या कोपऱ्यावरचा माइक, पहिल्या रांगेसमोरचा, तेवढाच ठेवला आणि जितका वाढेल तितका वाढवला. सभागृहाची हवा घोंगावायला लागली. कुणाचा तरी श्वास. कापडाची घसट. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, एवढासा आप्पांचा आवाज. इतका वेळ शोधून न सापडलेला.

'...वाट नाही चुकलो गं बये. तुझ्याच...'

आणि काही नाही. मग अगदी जवळून, ओठांनीच म्हटल्यासारखं, बाईचा आवाज.

'पायरीवर.'

लगेच घड्याळवाल्या काकांचा घोगरा. 'पायरीवर.' टपालवाल्या काकूंचा. मग मागून कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं हसायला सुरुवात केली, आणि त्या हसण्यात सगळं सभागृह सामील झालं, आणि त्या हसण्याच्या पलीकडून आप्पांनी तो शब्द उचलला आणि सुरात नेला.

पहिला आवाज आईचा होता.

छोटीनं पुढे नेलं. आणखी एक जागा. आणखी एक. कधी शब्द, कधी ओळीचा पहिला सूर, कधी नुसतं हसणं, इथे विनोद येतो आप्पा, अशी खूण केल्यासारखं. कुठे एका कोपऱ्यातून यायचं, कुठे दुसऱ्या. भिंतीवरच्या माइकमध्ये तर रखवालदारसुद्धा होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून असेल. शब्द आठवेनासा झाला की आधी मीच सांगायचे हळूच. मग एकदा मला खोकला आला, आणि घड्याळवाल्यांनी सांगितलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. आपोआप झालं."

"आप्पांना ठाऊक आहे?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्यांना वाटतं, लोकांना आवरत नाही. घरी येऊन म्हणतात, बघ, किती जीव आहे लोकांचा गोष्टीवर, माझ्या आधीच म्हणून टाकतात. आम्ही म्हणतो, हो ना." ती उठली. "चुकीचं काय आहे त्यात? जीव आहेच."

दारापाशी पोचल्यावर ती वळली.

"तू तिथेच तर बसलेली असायचीस," ती म्हणाली. रागानं नव्हे. तिलाच काहीतरी उलगडत नसल्यासारखी. "कानाला एवढं लावून."

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी आप्पांसमोर जाऊन बसली. रात्री तिनं सगळी माणसं पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवली होती. श्वासभर पुढे. आप्पांनी हेडफोनकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

"आप्पा, चूक माझी होती."

"कसली?"

"लोक तुमच्या आधी बोलत होते. मला वाटलं यंत्रात बिघाड आहे. म्हणून मी त्यांना मागे ढकललं. ते काल तुम्ही ऐकलंत ते खरं नव्हतं. तसं घडलंच नव्हतं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी तिला वाटलं, आपण लहानपणी काचेचा पेला फोडून त्याचे तुकडे लपवायचो, तसं काहीतरी आपल्या पाठीमागे आहे.

आप्पांनी हेडफोन घेतले. ऐकायला लागले. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, देव खाली मान घालून बोलला, 'तुझ्याच', आणि लोकांनी तो शब्द पुढे केला, आणि आप्पा त्यावर पाय ठेवून पलीकडे गेले. मध्ये मोकळी जागा कुठेच नव्हती. आप्पांचे डोळे मिटलेले होते. बोटं खुर्चीच्या हातावर होती, पण हलत नव्हती. तोंडावरून काही वाचता येईना. प्रवचन संपेपर्यंत त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"आवरत नाही यांना," ते शेवटी म्हणाले.

"हो ना," छोटी म्हणाली.

आप्पा हसले. ते हसणं सगळं उमगलेल्याचं की भोळं, तिला कळलं नाही. मग त्यांच्या बोटांनी एकदा, दोनदा ठेका धरला.

"रविवारी येतो म्हणून कळव. आणि हे बघ, ते उलट्या तोंडाचे माइक. त्यांतला एक मागेही लाव."

"मागे कुठे?"

"तू बसतेस तिथे."

"मागे माझ्याशिवाय कुणी नसतं, आप्पा. मी तर बोलतही नाही. तिथे काय येणार?"

"असू दे."

"पण कशासाठी?"

"मला काय कळतंय त्यातलं?" आप्पा म्हणाले आणि चहा मागितला.

तिनं खरखरकडून आणखी एक माइक आणला. कुठला हवा, असं त्यानं विचारलं तेव्हा तिला सांगता येईना. गर्दीसाठी कुठला, कुजबुजीसाठी कुठला, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू शकली असती. गप्प बसणाऱ्या एकाच माणसासाठी कुठला लावतात? खरखरनं डोकं खाजवलं आणि हाताला आला तो दिला.

तिसऱ्या रविवारी बाजूला उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. आप्पांनी म्हातारी सांगितली, नावाडी सांगितला, कुणाची कुणाची फर्माईश पुरवली. पहिली रांग पुढे झुकलेली होती. छोटीला आता त्या झुकण्याचा अर्थ कळत होता. माइकांच्या पट्ट्या आप्पांच्या आधी हलत होत्या, आणि आज ती त्या बघत असताना तिला चुकल्यासारखं वाटत नव्हतं. पाचवी पट्टी, तिच्या हनुवटीसमोरच्या माइकची, तेवढी तळाशी पडून होती.

शेवटी आप्पांनी मेजावरचा ठेका बदलला. संथ, झोपाळ्यासारखा.

"आता एक गोष्ट," ते म्हणाले, "जी मी इथे कधी सांगितली नाही."

पहिल्या रांगेतली डोकी एकमेकांकडे वळली.

"देवाला सदरा शिवायचा होता. गेला शिंप्याकडे. शिंपी म्हणाला, डावा हात पुढे कर. केला. माप घेतलं. उजवा पुढे कर. तर देव उजवा हात काही पुढे करेना. शिंपी म्हणाला, लाजतोस काय? देव म्हणाला, नाही. मग दुखतोय? देव म्हणाला, नाही रे."

लोक हसले, पण जपून, नव्या रस्त्यावर पाऊल टाकल्यासारखे. छोटीचा हात मेजावर थबकला. तिला एकदम तापाचा वास आला. ओलं फडकं, अंधारी खोली, मानेखाली आप्पांचा उजवा हात, आणि त्याच हाताची बोटं गादीच्या कडेवर अशीच वाजत असलेली. ती किती लहान होती तेव्हा? पुढे ती मोठी झाली आणि ही गोष्ट आपोआप बंद पडली. तिला वाटलं होतं, आप्पा विसरले.

"शिंपी चिडला. म्हणाला, एका बाहीचा सदरा शिवू का तुला? लोक तुला नाही, मला हसतील. तसा देवानं तोंडावर बोट ठेवलं. म्हणाला, हळू बोल. त्या हातावर कुणीतरी झोपलंय."

आप्पा थांबले.

ठेकाही थांबला. घड्याळवाल्या काकांनी आईकडे पाहिलं. आईनं बारीकशी मान हलवली, नाही, मला येत नाही. टपालवाल्या काकू खुर्चीत चुळबुळल्या. रखवालदार दारातून एक पाऊल पुढे आला आणि तिथेच राहिला. चारही पट्ट्या खाली बसल्या. एवढ्या माणसांपैकी कुणाकडेही पुढे करायला शब्द नव्हता.

आप्पा विसरले होते का? की थांबले होते? छोटीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या लांबून ते तिला नीट दिसेना. एवढंच दिसलं की सगळ्यांच्या डोक्यांवरून ते मागे बघतायत, आणि पहिल्या रांगेतला आईचा अंबाडा हळूहळू फिरून तिथे आईचा चेहरा आलाय. या गोष्टीत इथे एक प्रश्न होता. तो आप्पांचा नव्हता, देवाचा नव्हता, शिंप्याचाही नव्हता. लहानपणी तो तिनं विचारल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही.

तिचं तोंड मिटलेलं होतं. सवयीनं.

पाचवी पट्टी हलली. आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"कोण?"